शेरूचं पोट, ताक अन प्रोबायोटिकची पुडी: गावच्या कुत्र्याला काय, किती अन कधी द्यायचं

आमचा शेरू गावठीच आहे, साडेचार वर्षांचा, वजन १८ किलो (काट्यावर आधी त्याला उचलून उभा राहिलो, मंग एकटा उभा राहिलो अन वजा केलं, तुम्हीही असंच करा, पुढं डोस विचारताना हे वजन लागतेच). रात्री वावरात जागलीला माझ्यासोबत असतो. मागच्या हिवाळ्यात हरभरा घाट्यावर असताना रानडुकरानं त्याची मांडी फाडली. टाके पडले, अँटिबायोटिक सुरू झालं, जखम मस्त भरत आली पण पाचव्या दिवसापासून पोट असं बिघडलं का दिवसातून सात-आठ वेळा पातळ, शेंबडासारखी शी, अन दर वेळी बिचारा गोठ्याच्या मागं जाऊन कण्हत बसे.

मायनं ताक पाजलं. शेजारचे काका म्हणे माणसाची हगवणीची गोळी दे अर्धी. मी ती दिली नाही, अन तुम्हीही देऊ नका, लोपरामाइड नावाची ती गोळी काही कुत्र्यांच्या मेंदूवर जाते, अन पोटात जंतू किंवा विष असेल तर शी अडवून धरणं म्हणजे घाण आतच कोंडून ठेवणं झालं. मी तालुक्याच्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी प्रोबायोटिकची, म्हणजे पोटाला फायदा करणाऱ्या जिवंत जिवाणूंची, पुडी लिहून दिली. चार दिवस दिली, काडीचा फरक नाही. पुन्हा फोन केला तर पहिला प्रश्न त्यांनी हाच केला, "कशात मिसळून देऊन राहिले तुम्ही?" मी म्हटलं, गरम कण्यांमध्ये, लवकर खातो म्हणून. "अन पुडी ठेवता कुठं?" टिनाच्या घरात, खिडकीत. ते म्हणे मंग तुम्ही चार दिवस मेलेले जिवाणू चारले त्याला.

तेव्हापासून मी या विषयाच्या मागंच लागलो आहे. वाचलं, विचारलं, करून पाहिलं. आपल्याकडच्या हवेत, आपल्याकडच्या खाण्यात, फ्रिज असला तर लाइन नाही अशा घरात हे कसं करायचं ते कोणी सांगत नाही म्हणून लिहून राहिलो.

आधी समजून घ्या पोटात असते काय. कुत्र्याच्या आतड्यात, खासकरून मोठ्या आतड्यात, अब्जावधी जिवाणू राहतात अन ते फुकट बसून खात नाहीत. कुत्र्याला जे पचत नाही तो चोथा ते आंबवतात अन त्यातून बारीक आम्लं तयार करतात, त्यातलं ब्युटिरेट म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तराची भाकरच समजा, त्याच्यावर ते अस्तर जगते. काही जिवाणू पित्ताचं रूपांतर करतात, अन ते रूपांतरित पित्त वाईट जंतूंना डोकं वर काढू देत नाही. अँटिबायोटिक जखमेतले जंतू मारते तसे हेही मारते, त्याला आपला-परका कळत नाही. जुलाबावर सर्रास देतात त्या मेट्रोनिडाझोलचा निरोगी कुत्र्यांवर अभ्यास झालेला आहे, औषध बंद करून चार आठवडे झाले तरी काही कुत्र्यांच्या पोटातली वस्ती पहिल्यासारखी बसली नव्हती. म्हणून साध्या जुलाबाला आपल्या मनानं मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून देऊ नका, कळकळीनं सांगतो. डॉक्टरांनी दिलेलं मात्र अर्ध्यात सोडू नका, शेरूचंही आम्ही पूर्ण केलं.

आता प्रोबायोटिक. जागतिक आरोग्य संघटना अन अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये त्याची व्याख्या केली, तिचा सरळ अर्थ असा का जिवंत सूक्ष्मजीव, पुरेशा संख्येनं दिले, तर अंगाला फायदा करतात. यातला "जिवंत" अन "पुरेशा" हे दोन शब्द पक्के डोक्यात ठेवा, माझी चूक पहिल्या शब्दात झाली अन ताक पाजून गप्प बसणाऱ्यांची दुसऱ्या शब्दात होते.

पण पुडी फोडायच्या आधी एक काम आहे अन ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. पोट बिघडलं काहून ते पाहा. माझ्या अनुभवात गावच्या कुत्र्याचं पोट प्रोबायोटिक कमी पडलं म्हणून बिघडत नाही, ते बिघडते जंतांनी, घाण पाण्यानं, मेलेलं जनावर खाल्ल्यानं, अन पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी उरलेल्या तेलकट-गोड अन्नाची पत्रावळ पुढं टाकल्यानं. कारण तसंच ठेवून पुडी देत बसलं तर ती पुडी वाया.

शी पाहायची लाज वाटू देऊ नका, काडीनं हलवून पाहा. खूप सारी, पाण्यासारखी, पण दिवसातून तीन-चार वेळाच असेल तर त्रास बहुतेक लहान आतड्यात असतो. थोडी थोडी, घडीघडी, जोर लावून, शेंबूड किंवा लाल रक्ताचा ठिपका असेल तर मोठ्या आतड्यात, शेरूचं हे होतं. डांबरासारखी काळी असेल तर वर कुठंतरी रक्त जाऊन राहिलं, तेव्हा घरी काहीच करायचं नाही, डॉक्टर. शीत किंवा शेपटीखालच्या केसांत तांदळासारखे, काकडीच्या बियांसारखे दाणे दिसले तर ते पट्टकृमीचे तुकडे, अन तो पिसवांमधून येतो म्हणून पिसवाही माराव्या लागतात नाही तर महिन्यानं पुन्हा हजर. हिरड्या पांढरट दिसत असतील तर हुककृमी रक्त पिऊन राहिला असू शकतो, पिल्लू असेल तर यात जीव जातो. (अन हा हुककृमी ओल्या मातीतून माणसाच्या उघड्या पायातही घुसतो, लेकरं अंगणात अनवाणी खेळतात तिथली शी रोज उचला.)

जंताचं औषध पिल्लाला २ आठवड्यांचं असल्यापासून, मंग ४, ६, ८ आठवड्यांना, त्यापुढं सहा महिन्यांचं होईपर्यंत दर महिन्याला, अन मोठ्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी. वजन सांगून घ्या. एवढं केलं तरी आपल्या भागातल्या कुत्र्यांचे अर्धेअधिक पोटाचे त्रास संपतील असं माझं प्रामाणिक मत आहे. नाल्याचं, डबक्याचं पाणी पिणाऱ्या कुत्र्याला जिआर्डिया नावाचा परजीवीही होतो, तो साध्या जंताच्या गोळीनं जाईलच असं नाही, शी तपासूनच कळते. शी बारक्या स्वच्छ डबीत घेऊन ताजी ताजीच दवाखान्यात न्या.

अन दोन गोष्टी खास आपल्या कापसाच्या पट्ट्यातल्या, या तर घरोघरी माहीत पाहिजेत.

एक, ढेप. आपण ढोरांसाठी सरकीची ढेप टोपल्यात भिजवतो अन कुत्रा येऊन चाटतो, खातो, आपल्याला कौतुक वाटते. सरकीत गॉसिपॉल नावाचं विष असते. गाई-म्हशींचं पोट वेगळं, मोठ्या जनावरांच्या रवंथाच्या पोटात ते बरंचसं बांधून टाकलं जाते, कुत्र्याच्या पोटात तसं काही होत नाही, अन रोज थोडं थोडं गेलं तर आतल्या आत हृदय खराब करते. शेरू वर्षभर रोज संध्याकाळी त्या टोपल्यात तोंड घाली अन मी हसत पाहत होतो, डॉक्टरांनी सांगितल्यापासून टोपलं वर टांगतो अन भिजवल्यावर गोठ्याचं फाटक लावतो. तुमच्याकडं फाटक नसेल तर वर पाटा ठेवा, झाकण ठेवा, काहीही करा.

दुसरी, फवारणी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना माणसं दगावली ते आपण कोणी विसरलो नाही. तोच ड्रम, तीच बादली, तेच सांडलेलं पाणी कुत्रा चाटतो. जुलाबासोबत तोंडाला लाळ-फेस, डोळ्यातून पाणी, अंग थरथरणं, बाहुल्या बारीक, असं दिसलं तर ते पोट बिघडणं नाही, ते विष आहे. ताक नाही, पुडी नाही, मीठ-पाणी पाजून उलटी काढणं तर अजिबात नाही, औषधाचा डबा सोबत घेऊन गाडीवर टाकून थेट दवाखाना. डब्यावरचं नाव पाहून डॉक्टरला काय द्यायचं ते कळते.

पिल्लाचं तर वेगळंच. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू, उलट्या करून राहिलं, शीत रक्त, अन कधी विसरणार नाही असा घाण वास, तर पार्व्हो समजूनच पळा. हा रोग १९७८ च्या सुमारास जगभर पसरला अन अजूनही लस न घेतलेली पिल्लं पटापट घेऊन जाते. लस ६ ते ८ आठवड्यांना सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत द्यायची. पार्व्होमध्ये आतड्याचं अस्तरच उखडते, तेव्हा सलाईनशिवाय काही खरं नाही, अन अस्तर फाटलेलं असताना जिवंत जिवाणू द्यायचे का नाही हे डॉक्टरच ठरवतील.

हे सगळं नाही, कुत्रा हुशार आहे, पाणी पिऊन राहिला, थोडं खाऊन राहिला, फक्त पोट ढिलं आहे किंवा अँटिबायोटिक सुरू आहे किंवा घर बदललं, लग्नाचा गोंगाट झाला, फटाक्यांनी घाबरला, खाणं एकदम बदललं, तर मंग प्रोबायोटिकचं काम सुरू होते.

पुडी विकत घेताना मागची बाजू वाचा. नुसतं "प्रोबायोटिक" लिहिलेलं पुरत नाही. कोणता जिवाणू आहे त्याचं पूर्ण नाव पाहिजे, किती आहेत तो आकडा पाहिजे (सीएफयू लिहिलेलं असते, म्हणजे वाढू शकतील असे जिवंत जिवाणू किती), अन एक्सपायरीपर्यंत तेवढे राहतील का नुसते बनवताना तेवढे होते तेही काही कंपन्या लिहितात, एक्सपायरीपर्यंतचं लिहिणारी घ्या. कुत्र्यांसाठी जास्त वापरले जाणारे म्हणजे एन्टरोकॉकस फेशियम, काही लॅक्टोबॅसिलस, बिफिडोबॅक्टेरियम, बॅसिलसचे प्रकार, अन सॅकरोमायसीस बोलार्डी ही यीस्ट. आकडा जास्त म्हणजे औषध भारी असं समजू नका, प्रत्येक जातीची मात्रा वेगळी असते, एकाची १० कोटीत काम करते तर दुसऱ्याची १०० कोटी ते १००० कोटीपर्यंत जाते, म्हणून पाकिटावर वजनाप्रमाणे लिहिलेला डोसच खरा.

आपल्या हवेसाठी माझी पसंती कोणती ते सांगतो. मे महिन्यात चंद्रपूर, नागपूर, अकोला, कुठंही पारा ४५ च्या वर जाते अन टिनाखाली तर त्याहून जास्त. लॅक्टोबॅसिलस अन बिफिडोवाली नाजूक पुडी तिथं टिकत नाही. बॅसिलस जातीचे जिवाणू मात्र स्वतःभोवती कवच करून बीजासारखे झोपून राहतात, त्याला बीजाणू म्हणतात, ते उष्णता अन पोटातलं आम्ल दोन्ही झेलतात. माणसाच्या मेडिकलमध्ये ५ मिलीच्या बारक्या प्लास्टिकच्या कुप्या मिळतात, त्यात बॅसिलस क्लॉसीचे २०० कोटी बीजाणू असतात, दिसायला पाण्यासारखं, चव नाही वास नाही. आमच्या डॉक्टरांनी दुसऱ्या वेळी शेरूला तेच सांगितलं, रोज एक कुपी. बरेच अँटिबायोटिक याला मारत नाहीत म्हणून सोबतही चालते. बोलार्डी तर यीस्ट आहे, जिवाणू नाहीच, त्यामुळं जिवाणू मारणाऱ्या औषधाचा तिच्यावर काही परिणाम नाही, फक्त बुरशीचं औषध सुरू असेल तर ती देऊ नका.

माणसाची पुडी कुत्र्याला द्यायची वेळ आली तर एक शब्द शोधा, झायलिटॉल. ही गोडीसाठी टाकतात, माणसाला काही होत नाही पण कुत्र्याची साखर धाडकन उतरवते अन लिव्हर खराब करते. चघळायच्या गोळ्या, फळांच्या चवीच्या पुड्या, यात असू शकते. लिहिलेलं वाचता येत नसेल तर देऊच नका.

द्यायची पद्धत. कुपी आधी हलवा, खाली बसलेलं वर येऊ द्या. खाणं थंड पाहिजे, बोट आत खुपसून पाहा, बोटाला गरम लागलं तर थांबा. आधी मूठभर खाण्यातच टाका, पूर्ण ताटात नाही, म्हणजे ताट अर्धं सोडलं तरी औषध पोटात गेलेलं असते. पहिले दोन दिवस अर्धाच डोस देतो मी, कारण एकदम पूर्ण दिला तर काहींना गॅस होते, पोट गुडगुडते. अँटिबायोटिक अन जिवाणूवाली पुडी यांच्यात कमीत कमी दोन तास सोडा. शेरूचं वेळापत्रक असं होतं का सकाळी सातला गोळी, दहाला कुपी, संध्याकाळी सातला पुन्हा गोळी. गोळ्या संपल्यावरही पुढं दोन आठवडे रोज चालू ठेवलं. ठेवायची जागा म्हणाल तर फ्रिज असला तर दारातल्या कप्प्यात नको, आत ठेवा, लाइन गेली तर घडीघडी उघडू नका. फ्रिज नसेल तर पुडी झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घालून तो डबा माठाच्या बुडाजवळ, सावलीत, पण पुडीला ओल लागू देऊ नका, ओल लागली का जिवाणू जागे होतात अन उपाशी मरतात.

आता ताक-दही, कारण प्रत्येक घरी पहिला प्रश्न हाच. दही चांगलं आहे. दह्याच्या जिवाणूंवर शंभर वर्षांपूर्वीच मेच्निकॉव्ह नावाच्या शास्त्रज्ञानं लिहिलं, १९०८ चं नोबेल (ते दुसऱ्या कामासाठी होतं) मिळालेला माणूस, तेव्हा आपल्या मायचं म्हणणं काही खोटं नाही. पण घरच्या दह्यात कोणते जिवाणू किती आहेत ते रोज वेगळं, विरजणावर अवलंबून, अन त्यातले बरेच कुत्र्याच्या पोटातल्या कडक आम्लात मरतात. म्हणून मी असं धरतो का ताक हे जेवण अन कुपी हे औषध. बरा असताना ताक, बिघडल्यावर कुपी. दोन्ही आपापल्या जागी.

ताक कसं? बिनमिठाचं, बिनफोडणीचं, मिरची-लसूण-सांबार (कोथिंबीर) काही नाही, नुसतं घुसळलेलं पातळ. लसूण अन कांदा कुत्र्याचं रक्त खराब करते म्हणून फोडणीचं तर चाटूही देऊ नका. मोठ्या कुत्र्यांपैकी बऱ्याच जणांना दुधातली साखर पचत नाही, दुधानं जुलाब होतात, दह्यात ती साखर थोडी कमी झालेली असते म्हणून चालते, पण तरी थोडंच. शेरूच्या वजनाला मी दोन मोठे चमचे दही किंवा अर्धी वाटी ताक देतो, लहान कुत्र्याला एक लहान चमचा. दिल्यावर शी पातळ झाली तर त्याला ते पचत नाही, सोडून द्या, हट्ट नको. जर्मनच्या (अॅल्युमिनियमच्या) गंजात आंबट ताक ठेवू नका, स्टीलचं किंवा मातीचं भांडं घ्या.

अन आपल्या ताक-कण्या! हे तर आपल्या विदर्भाचं जेवणच आहे अन कुत्र्याच्या पोटालाही बसते. मायची पद्धत सांगतो. ज्वारीच्या कण्या रात्री भिजवायच्या, सकाळी चौपट पाण्यात मऊ शिजवायच्या, मीठ नाही. घोटून ताटात पसरवायच्या म्हणजे वरचा पापुद्रा धरते अन लवकर निवतात. पूर्ण निवल्यावरच वरून ताक. माणसासाठी करताना ताक सोबत शिजवतो ना, ते कुत्र्याच्या वाटणीत करायचं नाही, उकळी आली का ताकातलं जिवंत सगळं संपलं, उरलं नुसतं आंबट पाणी. हे मी इतकं लांबवून सांगून राहिलो कारण बहुतेक घरी इथंच चुकते. काही लोक म्हणतात कुत्र्याला धान्य पचतच नाही, तसं नाही, २०१३ मध्ये लांडगा अन कुत्रा यांच्या जनुकांची तुलना झाली त्यात दिसलं का कुत्र्यात स्टार्च पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत, माणसाच्या चुलीजवळ राहून झालेला बदल आहे तो. पण नुसत्या भाकरीवर ठेवू नका, अंडं, उकडलेली कोंबडी, काहीतरी मांस पाहिजेच.

जिवाणूंनाही खायला लागते, त्यांना उपाशी ठेवून नवे टाकत राहण्यात अर्थ नाही. त्यासाठी आपलं कोहळं, म्हणजे लाल भोपळा, उकडून कुस्करून, बिनमिठाचं, दोन-तीन चमचे. किंवा इसबगोल, १८-२० किलोच्या कुत्र्याला एक लहान चमचा, पाण्यात पूर्ण फुगवून, कोरडं कधीच नाही. मोठ्या आतड्याच्या शेंबूडवाल्या जुलाबात शेरूला कुपीइतकाच फायदा या इसबगोलानं झाला.

जुलाब सुरू असताना जेवण हलकं, दोन भाग मऊ भात अन एक भाग बिनमसाल्याची उकडलेली कोंबडी, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. पिल्लाला उपाशी तर कधीच ठेवू नका, त्याची साखर उतरते. पाणी सतत समोर. ओआरएस साधं, बिनचवीचं, किंवा घरी १ लिटर उकळून निवलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर अन अर्धा लहान चमचा मीठ, हे थोडं थोडं चाटू द्या, तोंडात ओतू नका नाही तर श्वासात जाते. मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोडा, पटकन बसली तर ठीक, तंबूसारखी उभीच राहिली अन हिरड्या चिकट-कोरड्या लागल्या तर अंगातलं पाणी गेलं, आता सलाईन लागणार.

किती दिवसांत फरक पडते? खोटी आशा देत नाही. कुत्र्याच्याच आतड्यातून काढलेल्या बिफिडोबॅक्टेरियमच्या एका जातीचा अभ्यास झाला, ते दिलेल्या कुत्र्यांचे जुलाब सरासरी ३.९ दिवसांत थांबले, न दिलेल्यांचे ६.६ दिवसांत. म्हणजे साधे जुलाब बहुतेक आपोआपही थांबतात, हे दिलं तर दोन-तीन दिवस लवकर. शेरूला तिसऱ्या दिवशी शीला आकार आला, सहाव्या दिवशी काडीनं उचलली तर मोडली नाही अन जमिनीला डाग राहिला नाही, तेव्हा मायला बोलावून दाखवली अन तीही खूश झाली. दोन दिवसांत काहीच सुधार नाही, किंवा उलट्या, रक्त, ताप (कुत्र्याचं नॉर्मल १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असते, माणसासारखं ९८ नाही), किंवा खाणं-पिणं बंद, तर वाट पाहू नका. अन महिनोन् महिने ढिलं पोट असेल तर पुडी चार ते सहा आठवडे सलग देऊन पाहावी लागते, सोबत तपासणी. स्टेरॉइड किंवा कॅन्सरचं औषध सुरू असलेल्या कुत्र्याला डॉक्टरांना न विचारता जिवंत जिवाणू देऊ नका.

गावात डॉक्टर नसेल तर १९६२ हा टोल फ्री नंबर आहे पशुवैद्यकीय मदतीचा. नागपूर जवळ असेल तर तिथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून आहे, अवघड केस तिकडं नेता येते. फोन करण्याआधी कागदावर लिहून घ्या: वजन, वय, शेवटचं जंताचं औषध कधी, लस कधी, काल काय खाल्लं, शी किती वेळा अन कशी, सध्या कोणतं औषध. शीचा फोटोही काढून ठेवा, डॉक्टर नाक मुरडत नाहीत, उलट त्यांचं काम सोपं होते.

शेरूची कुपी आता बंद आहे. आधी रोज, मंग एक दिवसाआड आठवडाभर, मंग बंद, असं उतरवलं. सकाळच्या कण्यांवर अर्धी वाटी ताक सुरू आहे, अन मी ताटात बोट खुपसून पाहतो तोपर्यंत तो शेजारी बसून शेपटी आपटत राहतो. पुढचं जंताचं औषध पोळ्याच्या आठवड्यात आहे, कॅलेंडरवर लाल पेनानं गोल केलेला आहे.